गळवातला पू कुठे जातो?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे, डायलिसिसवर कोणी आहे, किडनी बदललेली आहे किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं कसल्यातरी पुड्या खाणारं म्हातारं माणूस आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. मी डॉक्टर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा आणि तालुक्याच्या बातम्या, एवढीच माझी पुंजी. पण गेले चार महिने मी एकच प्रश्न घेऊन सरकारी आणि खासगी दवाखान्यांत, लॅबमध्ये फिरतोय. आमच्या तालुक्यात रोज जी गळवं फोडली जातात, त्यांतला पू कुठे जातो?

उत्तर सगळीकडे एकच मिळालं. पिवळ्या पिशवीत. म्हणजे जैविक कचऱ्यात.

यात काय एवढं, असं वाटेल. गळू झालं, चीर दिली, पू काढला, ड्रेसिंग केलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, माणूस बरा झाला. दहातल्या नऊ वेळा हे असंच होतं, आणि त्या नऊ जणांच्या पुवाची तपासणी करून कोणाचंच भलं होणार नाही, हे मलाही मान्य आहे. माझं म्हणणं दहाव्याबद्दल आहे.

आमच्या शेजारच्या वाडीतले एक दादा. वय ५२. नऊ वर्षं शुगर आहे, गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर नाही. गेल्या वर्षी जुलैत लावणीच्या वेळी तरवा काढताना पोटरीला काहीतरी लागलं. विचारलं तर म्हणाले, "काय नाय रे, काटो रुतलो." दहा दिवसांत तिथे लिंबाएवढी गाठ. डॉक्टरांनी चीर दिली, गोळ्या दिल्या. जखम भरेना. मग जांघेत दुसरी गाठ. रोज संध्याकाळी ताप, घाम, भूक गेली, वजन उतरलं. ताप, गाठ, वजन कमी, आता आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कोणालाही काय आठवणार? टीबी. तपासणीत टीबीचे जंतू दिसले नाहीत, तरी लक्षणं जुळतात म्हणून टीबीचा कोर्स सुरू झाला. तीन महिने त्या माणसाने इमानेइतबारे त्या गोळ्या खाल्ल्या. शुगरच्या खाल्ल्या नसतील इतक्या नेमाने खाल्ल्या. लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, ताप काही गेला नाही.

शेवटी पोटात दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली तर यकृतात पुवाच्या तीन पिशव्या. भाचा मंगळूरला नोकरीला आहे, तो घेऊन गेला किनारी कर्नाटकातल्या एका मेडिकल कॉलेजात. तिथल्या निवासी डॉक्टरने, वय असेल सव्वीस-सत्तावीस, पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारले. शुगर आहे का? शेतात चिखलात काम करता का? हे पावसात सुरू झालं का? तिन्हींची उत्तरं हो आल्यावर त्याने पू आणि रक्त कल्चरला पाठवलं. चौथ्या दिवशी नाव कळलं. मेलिऑयडोसिस.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं. तालुक्यात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या दोन डॉक्टरांना ते परीक्षेत आल्याचं आठवत होतं. एक जण म्हणाले, "तो थायलंडचा आजार आहे."

थायलंडचा आहे, खरं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचाही आहे. पण या आजाराचा जन्मदाखला बघितला तर तो आपल्याच घरातला निघतो. १९११ साली रंगूनच्या इस्पितळात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहायक कृष्णस्वामी यांनी काही प्रेतं तपासताना हा जंतू पहिल्यांदा ओळखला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडायचा. ती प्रेतं बहुतेक मॉर्फिनच्या व्यसनात पोखरलेल्या, रस्त्यावरच्या कंगाल माणसांची होती. म्हणजे अंगातली ताकद आधीच संपलेल्यांची. आणि १९९१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी एका लहान मुलाला हाच आजार झाल्याचं वैद्यकीय मासिकात छापलेलं आहे. तीस वर्षांहून जास्त काळ झाला त्याला. तरी तो थायलंडचा!

जंतूचं नाव बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय. हा माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. तो मातीत आणि साठलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात वर येतो, आणि कापलेल्या-खरचटलेल्या कातडीतून, कधी श्वासातून, कधी पाण्यातून शरीरात शिरतो. धडधाकट माणसाच्या अंगात शिरला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकतात. पण साखर वाढलेली असली की त्या पेशी सुस्तावतात, आणि हा जंतू तर पेशीच्या आत शिरूनही जगू शकणारा. म्हणूनच जगात जिथे जिथे याचा अभ्यास झाला, तिथे तिथे मधुमेह हेच सगळ्यांत मोठं कारण निघालं. नंतर किडनीचे विकार, दारूने गेलेलं लिव्हर, स्टेरॉइड. सुरुवात कातडीवरच्या एका गळवाने होऊ शकते आणि शेवट फुफ्फुसात, यकृतात, प्लीहेत, सांध्यात, रक्तात. बरं, तो गप्प बसूनही राहतो. महिने, क्वचित वर्षानुवर्षं. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना हा आजार फार नंतर उफाळून यायचा, म्हणून त्याला तिकडे टाइमबॉम्ब म्हणायचे.

आता आकडे. २०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अंदाज मांडला की जगात दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना मेलिऑयडोसिस होतो आणि ८९ हजार मरतात. त्यांतले ४४ टक्के रुग्ण दक्षिण आशियात असावेत. आपल्या देशात मधुमेही किती? आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या पाहणीनुसार १० कोटींच्या वर, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी. या दोन आकड्यांच्या मध्ये पाऊस आणि भातशेती घाला. कोकण, गोवा, कारवार, उडुपी, केरळ, हा सगळा एकच पट्टा. उडुपी-मंगळूरकडे रुग्ण सापडतात, कारण तिथे शोधतात. जंतूला राज्याची हद्द कळत नाही, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? २०१६ च्या सुमारास दोडामार्ग-बांद्याकडे माकडतापाचे रुग्ण निघाले, तोवर तोही "कर्नाटकातला आजार"च होता.

मंडळी, या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त चीड आणणारी गोष्ट अमेरिकेतली आहे. २०२१ मध्ये तिथे जॉर्जिया, कॅन्सस, मिनेसोटा आणि टेक्सास अशा चार राज्यांत मिळून चार जणांना मेलिऑयडोसिस झाला. फक्त चार. दोघे दगावले, त्यांत एक लहान मूल. चौघांपैकी कोणीही परदेशी गेलेलं नव्हतं. त्यांच्या सरकारी यंत्रणेने चारही जंतूंचे जनुकीय नकाशे जुळवले, नातं दक्षिण आशियाशी लागतंय हे ओळखलं, मग रुग्णांच्या घरातल्या वस्तू, माती, पाणी तपासत बसले. शेवटी एका घरात सुगंधी फवाऱ्याची बाटली सापडली. लव्हेंडरचा वास, आत शोभेचे खडे, आणि आत हाच जंतू. बाटली बनलेली भारतात. साधारण ३,९०० बाटल्या बाजारातून परत मागवल्या गेल्या.

म्हणजे बघा, आपल्याकडून गेलेला जंतू त्यांनी चार माणसांसाठी बाटलीपर्यंत जाऊन पकडला. आणि आम्ही तो जिथे राहतो त्या मातीत गुडघाभर उभे राहून लावणी करतो, आणि गाठीतला पू पिवळ्या पिशवीत टाकतो.

फक्त एका आजाराबद्दल ओरडतोय असं समजू नका. लॅबवाल्यांशी बोलताना कळलं की अंगातली प्रतिकारशक्ती कमी झाली की कातडीवर कायकाय उगवू शकतं याची यादीच आहे. नोकार्डिया नावाचा मातीतला जंतू, किडनी बदललेल्यांना आणि स्टेरॉइडवाल्यांना गाठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो टीबीच्या जंतूचा लांबचा भाऊ वाटतो, त्यामुळे पुन्हा टीबीच्या गोळ्या. आणि तो उगवायला कित्येक दिवस घेतो. बऱ्याच लॅबमध्ये कल्चरची प्लेट ४८ तासांनी "काही उगवलं नाही" असं लिहून टाकून देतात. म्हणजे गुन्हेगार तिसऱ्या दिवशी यायचा आणि पोलीस दुसऱ्या दिवशीच पहारा उठवून मोकळे. किमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या अंगावर एकाएकी काळा पडत जाणारा फोड आला तर तो स्युडोमोनासचा असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो. लिव्हर खराब असलेल्या माणसाच्या हाताला मासळी साफ करताना किंवा खाडीत जखम झाली आणि काही तासांत हात टम्म फुगून फोड आले, तर तेही तितकंच गंभीर. आमच्या किनाऱ्यावर दारू आणि मासळी दोन्ही आहेत, हे वेगळं सांगायला नको.

आणि एक प्रकार तर प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यालाही होतो, शुगरवाल्याला जास्त छळतो. इंजेक्शन घेतलेल्या जागी किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या टाक्याजवळ तीन-चार आठवड्यांनी गाठ येते, पाणी येतं, बुजते, पुन्हा उघडते. हे काम बहुधा टीबीच्याच कुळातल्या पण टीबी नसलेल्या जंतूंचं. मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस, चेलोनी, फॉर्च्युइटम अशी त्यांची नावं. हे नळाच्या पाण्यात असतात. औजारं नीट निर्जंतुक न करता नुसती औषधात बुडवून साध्या पाण्याने विसळली की ते आत जातात. नेहमीचा टीबीचा कोर्स यांच्यावर चालत नाही. वेगळी औषधं, तीही महिनोन्महिने. माझ्या माहितीतल्या एका बाईंच्या कुशीवरची अशी जखम दीड वर्ष वाहत होती. तिच्या सासूने देवाला कौल लावला, भाऊजींनी वकिलाला विचारलं. पू तपासायला मात्र कोणी पाठवला नव्हता.

आता डॉक्टरांची बाजू. ग्रामीण रुग्णालयात एक वैद्यकीय अधिकारी सकाळच्या ओपीडीत शंभर-सव्वाशे पेशंट बघतो, हे मी स्वतः बाकड्यावर बसून मोजलंय. कल्चरची सोय तिथे नाही. नमुना जिल्ह्याला पाठवायचा तर कागद, थंड डबा, गाडी, आणि रिपोर्ट येईपर्यंत पेशंट गायब. खासगीत कल्चर सांगितलं तर पेशंटच म्हणतो, डॉक्टर पैसे काढतायत. हेही मी ऐकलंय. एक सर्जन मला म्हणाले, "अहो, तुम्ही लिहाल, आणि उद्यापासून प्रत्येक जण तारुण्यपीटिका घेऊन येईल कल्चर करा म्हणून." त्यांची भीती खोटी नाही. पण मी प्रत्येकाचं म्हणतच नाहीये. शुगर, डायलिसिस, बदललेली किडनी, किमो, एचआयव्ही किंवा स्टेरॉइड यातलं काहीतरी एक, आणि त्याच्या जोडीला दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा एकाहून जास्त गाठी, किंवा गाठीबरोबर ताप. अशी माणसं ओपीडीत रोज किती येणार? आठवड्याला एखाद-दुसरं. तेवढ्यांचा पू बाटलीत भरून पाठवता येत नाही असं कोणी मला सांगू नये. नुसता कापसाचा बोळा फिरवून नव्हे, सुईने ओढलेला पू. आणि तोही अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी, कारण एकदा डोस पडला की उगवणारा जंतूही उगवत नाही. जिथे पेशंट गंभीर आहे तिथे औषध थांबवून ठेवा असं मुळीच नाही; नमुना काढायला पाच मिनिटं लागतात.

लॅबच्या फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या तरी अर्धं काम होतं. "मधुमेही, भातशेती, पावसाळ्यात सुरुवात." या दोन ओळी नसतील तर मेलिऑयडोसिसचा जंतू उगवूनही "स्युडोमोनास स्पीसीज" एवढंच लिहून रिपोर्ट जातो, किंवा बाहेरची घाण मिसळली म्हणून दुर्लक्ष होतं. ओळखायला महागडं यंत्रच पाहिजे असंही नाही. एका सूक्ष्मजीवतज्ज्ञ मॅडमनी मला फोनवर समजावलं. ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि पॉलिमिक्सिनला दाद देत नाही, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला देतो, असा जंतू दिसला की संशय घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. या औषधांच्या चकत्या कल्चर करणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये असतात. फॉर्मवर लिहिण्याचा आणखी एक फायदा, लॅबमध्ये काम करणाऱ्या पोरापोरींना सावध राहता येतं. हा जंतू हाताळणाऱ्यालाही लागू शकतो.

नाव कळल्याने काय फरक पडतो ते ऐका. गळवावर सर्रास दिली जाणारी कित्येक औषधं या जंतूवर चालत नाहीत. चालतात ती सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, शिरेतून, निदान दहा ते चौदा दिवस. त्यानंतर कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या, निदान तीन महिने. मधेच सोडल्या तर आजार उलटतो. ती दुसरी गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, सरकारी दवाखान्यात मिळते. ऑस्ट्रेलियात डार्विनला आजार लवकर ओळखतात, चांगला अतिदक्षता विभाग आहे, तिथे मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आणलंय. ईशान्य थायलंडमध्ये ते ४० टक्क्यांच्या घरात राहिलं. आपल्याकडचं प्रमाण? दाखल्यावर "सेप्टिसीमिया" लिहून फाइल बंद होते. जंतू कुठला हे कोणी विचारलंच नाही तर प्रमाण कशाचं काढणार?

पुड्यांबद्दल थोडं. आठवडी बाजारात आणि काही दवाखान्यांतही सांधेदुखी, दमा, खाज यांवर जी "गुणकारी" पुडी मिळते, जिने दोन तासांत म्हातारी उठून चालायला लागते, तिच्यात कित्येकदा स्टेरॉइडची कुटलेली गोळी असते. योग्य रोगाला योग्य डॉक्टरने दिलेलं स्टेरॉइड जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही, आणि ते चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका. पण नावगाव नसलेली पुडी वर्षभर खाणाऱ्याची साखर वाढते, कातडी पातळ होते, प्रतिकारशक्ती बसते, आणि डॉक्टरने विचारलं "काही औषध चालू आहे का?" तर तो म्हणतो, नाही. कारण त्याच्या लेखी ते औषध नसतं, पुडी असते. औषध प्रशासनाने महिन्यातून एकदा जरी बाजारातल्या चार पुड्या उचलून तपासल्या तरी पुष्कळ होईल.

गमबूट घाला, हातमोजे घाला, असं डार्विनमध्ये दर पावसाळ्यात सरकार सांगतं. आमच्या मळ्यात गमबूट घालून लावणी करून दाखवावी कोणीतरी! चिखल बूट ओढून घेतो, माणूस मोज्यावर बाहेर येतो. त्यामुळे तो सल्ला मी देणार नाही. पण पायाला जखम असेल तर शुगरवाल्याने त्या आठवड्यात मळ्यात उतरू नये, उतरलंच तर पट्टी नीट बांधावी, घरी आल्यावर साबणाने स्वच्छ धुवावं, एवढं जमण्यासारखं आहे. लेप्टोसाठी आपल्याकडे पावसाळ्यात आशाताई गोळ्या घेऊन घरोघर जातात. त्याच फेरीत शुगरवाल्यांची यादी करून एक प्रश्न विचारायचा: अंगावर न भरणारी जखम आहे का? वेगळी योजना नको, वेगळा फलक नको, उद्घाटन तर मुळीच नको.

आमच्या दादांचं म्हणाल तर जीव वाचला. दोन आठवडे इंजेक्शनं, मग तीन महिने गोळ्या. काजूच्या दोन हंगामांचं पीक त्यांनी आधीच व्यापाऱ्याला लिहून दिलंय. त्यांच्याच बाजूच्या वाडीत ऑगस्टमध्ये एक मावशी गेल्या, शुगरच्याच, पायाला गाठ, ताप, सहा दिवसांत खेळ खलास. त्यांना काय झालं होतं हे आता कधीच कळणार नाही, कारण त्यांचा पू आणि रक्त कुठेही गेलं नव्हतं. मी त्यांना मेलिऑयडोसिस होता असं म्हणत नाही. म्हणू शकत नाही, आणि नेमका तोच माझा आक्षेप आहे.

येत्या महिन्यात रुग्ण कल्याण समितीची बैठक आहे. त्यात मी लेखी तीन गोष्टी मागणार आहे. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस तालुक्यातून पू-रक्ताचे नमुने कल्चरसाठी जिल्ह्याला जाण्याची सोय. फॉर्मवर शुगर, स्टेरॉइड आणि शेतीकाम असे तीन रकाने. आणि संशयित नमुन्याची प्लेट ४८ तासांत न टाकता निदान आठवडाभर ठेवण्याची सूचना. सदस्यांपैकी तिघे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, त्यांनी ही पोस्ट वाचलीय असं धरून चालतो.

तुमच्या घरात असं काही घडलं असेल, टीबीचा कोर्स घेऊनही न बसलेली गाठ, इंजेक्शनच्या जागी महिनोन्महिने वाहणारी जखम, तर जुने कागद शोधा आणि मला इनबॉक्समध्ये पाठवा. कागदावरचं नाव झाकून पाठवा. जखमेचे फोटो कमेंटमध्ये टाकू नका, आणि कमेंटमध्ये कोणी औषध सुचवलं तर घेऊ नका. निदान झालेलं असेल तर कुठल्या महिन्यात सुरू झालं आणि कामधंदा काय, एवढं आठवून लिहा. पंधरा-वीस नोंदी जमल्या तरी बैठकीत टेबलावर ठेवायला काहीतरी होईल.